सातवं माप

१

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवावा, काट्यावर की हातावर? उत्तराची घाई करू नका. आमच्या कर्जतच्या बाजारात एक किराणावाला होता. तो म्हणायचा, काटा खोटं बोलला तर दुरुस्तीवाला आणता येतो, हात खोटं बोलला तर कोणाला आणणार? लोक हसायचे, कारण त्याचा स्वतःचा काटा दसऱ्याच्या पूजेपुरताच खरा असायचा. पण प्रश्न त्याचा बिनतोड होता, आणि तो खरोखर वाट्याला आला नवीनशेठच्या.

नवीनशेठची भातगिरणी रुळांच्या पलीकडे. वय एकावन्न. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, एकुलती मुलगी ऋतिका पुण्याला नोकरीत. गिरणीत येसाजी नावाचा जुना कामगार होता. घरात कोणीच नव्हतं. संध्याकाळी वाटीभर भात शिजायचा आणि त्यातला निम्मा सकाळी कावळ्यांना जायचा.

मालोजीशेठ आणि सुंदराबाई यांनी नवीनला दत्तक घेतलेला. हे बाजारालाही ठाऊक होतं आणि नवीनलाही. कुठून आणला, ते मात्र बाजारालाही ठाऊक नव्हतं आणि नवीनलाही. विचारलं की सुंदराबाई म्हणायच्या, "भाताच्या गाडीतून आला." ऐकणारा हसायचा. त्या हसत नसत.

आता बारकी गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. किरकोळ गिऱ्हाइकाला नवीन अजूनही पायलीनं तांदूळ मोजून द्यायचा. पितळी कडी ठोकलेलं लाकडी माप, मालोजीशेठच्या वेळचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही रीत सगळीकडेच आहे. लाभ, दोन, तीन, चार. पण नवीन सातव्या मापाला 'सात' म्हणत नसे. तो म्हणायचा 'ठेव', आणि ते माप पिशवीत न ओतता डावीकडच्या सुपात उपडं करायचा. मग आठ, नऊ, दहा. शेवटी सुपातला तांदूळ पिशवीत. भरणा पुरा.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मालोजीशेठ चांगलं सरळ 'सात' म्हणायचे. नवीन पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'ठेव' निघालं, तेव्हा सुंदराबाईंनी त्याच्या थोबाडीत मारली, मग त्याला पोटाशी धरून रडल्या, आणि त्याच दिवशी गिरणीतली गादी उचलून कोपऱ्यात लावली. दोन भिंतींच्या सांध्यात. त्यानंतर उभ्या आयुष्यात एकच वाक्य, "भिंतीला टेक रं. टेकलास का?" जेवताना, अभ्यास करताना, लग्नाच्या पाटावरसुद्धा. गेल्या वैशाखात त्या गेल्या. शेवटचा श्वासही त्याच वाक्यात अर्धा राहिला.

दसऱ्याला नवीननं इलेक्ट्रॉनिक काटा आणला, वर सीसीटीव्ही बसवला. कॅमेरेवाला म्हणाला, "काका, गादी कोपऱ्यात असली तर तुम्हीच दिसणार नाही." नवीनला ते पटलं. गादी मधोमध आली. तिच्या मागे गोदामाचं दार.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याची पाठ मोकळी झाली.

२

पहिले आठ दिवस काही नाही. मग एका मंगळवारी भर दुपारी वीज गेली. गिरणी थांबली की जी शांतता होते ती गिरणीवाल्यालाच कळते. कानात कापूस घातल्यासारखी. साखरपुड्याच्या जेवणासाठी दहा पायल्या तांदूळ न्यायला एक गिऱ्हाईक आलेलं. नवीन मोजत होता. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, ठेव.

आणि पाठीमागे आवाज आला.

पसरलेल्या पदरात कोणी धान्य घातलं की कसा आवाज होतो? सूं करून, आणि शेवटी थोडा दबका. तसा. नवीननं वळून पाहिलं. गोदामाचं दार, पोत्यांची थप्पी, कोंड्याचा वास. उंदीर असतील, तो मनाशी म्हणाला. नाहीतर वरच्या पाटीतून दाणे निसटले असतील. वीज गेली की मशीन हिसका देतं, तेव्हा निसटतातच.

दहा मापं झाली. त्यानं सूप उचललं. सूप रिकामं होतं.

"विसरलो वाटतं," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि आणखी एक माप भरून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही.

"येसाजी, सुपातला तांदूळ कुठं गेला?"

"सुपात तुमी टाकलाच नाय, शेठ."

"मग कुठं टाकला?"

येसाजी कोंड्याचं पोतं बांधत राहिला. पोत्याला तीन गाठी पुरतात, त्यानं सहा मारल्या. मग म्हणाला, "गादी कोपऱ्यात घ्या परत. बाय म्हनायच्या ते उगाच नाय."

"तू काही ऐकलंस का?"

"मी? मी बहिरा हाय. चाळीस वर्सं गिरणीत काढली, मला काय आयकू येतंय?"

"मी हळू बोललो ते बरं ऐकू आलं तुला."

"ते तुमचं आयकू येतं," येसाजी म्हणाला. "पगार तुमी देता."

नवीन हसला. गादी मात्र त्यानं हलवली नाही. पैसे खर्चून बसवलेला कॅमेरा, लोक काय म्हणतील, अशी कारणं त्यानं स्वतःला दिली. खरं कारण वेगळं होतं. त्या आठवड्यात तो कुलूप उघडून घरात शिरायचा तेव्हा घर पूर्वीइतकं रिकामं वाटत नव्हतं. जेवताना पाठीमागे कोणी गप्प बसलेलं असावं, तसं वाटायचं. आणि ते त्याला नको नव्हतं.

३

दिवाळीनंतर नवं भात यायला लागलं. खालापुराकडच्या एका वाडीतून चिंधी नावाची बाई टेंपोत एक पोतं घालून आली. भरडून तांदूळ झाला, तशी ती गादीसमोर पिशवी पसरून बसली.

"मापून द्या. तुमच्या त्या लाल आकड्यांचा भरोसा नाय मला. आत कोन बसून आकडे फिरवतो, कुनाला ठाव!"

"मावशी, आत कोणी बसत नाही."

"मंग आकडे सवताच फिरतात? ते तर आनखी वंगाळ."

नवीन मोजायला लागला. 'ठेव' म्हणाला, आणि चिंधीनं त्याचं मनगट धरलं. मापाकडे पाहिलं, मग त्याच्या डाव्या करंगळीकडे. ती करंगळी जन्मापासून आत वळलेली, कधी सरळ व्हायची नाही. ऋतिकाचीही तशीच होती.

"तुमी मापारी हाव का?"

मापारी म्हणजे गावच्या खळ्यावर भाताची रास मोजून देणारा. पूर्वी गावोगाव एकेक घर असायचं.

"मी मालोजीशेठचा मुलगा," नवीन म्हणाला. "इथला, कर्जतचा."

"आसाल बरं. मी कुठं नाय म्हनते?" तिनं हात सोडला. "पन सातव्याला 'ठेव' म्हननारं घर आख्ख्या मुलखात एकच. आमच्या खालच्या वाडीतलं. अंबाबाय अजून हाय तिथं. आन ही करंगळी तिचीच."

"करंगळ्या काय, कोणाच्याही वाकड्या असतात."

"हो तर," ती म्हणाली. "हे सातवं माप तेवढं माझ्यात घालू नका. ते माझं नाय."

तिनं पिशवी बांधली, डोक्यावर घेतली, आणि जाताना एका हातानं नमस्कार केला. पण नवीनला नाही. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली होती, जरा खाली. बसलेल्या माणसाला नमस्कार करताना जाते तशी.

४

व्यापारी माणसाला शंका आली की तो पुरावा काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणी उघडण्याआधी, नवीन सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लावून बसला.

त्याची खात्री होती की आपला हात सातव्या मापाला डावीकडे सुपाकडे जातो. आयुष्यभर तो तिकडेच गेला होता. पडद्यावर त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, गिऱ्हाइकाशी बोलणारा, हसणारा. ओठ हलले, 'ठेव'. आणि डावा हात सुपाकडे न जाता, कोणी बोलावल्यासारखा, खांद्याच्या वरून मागे गेला. भरलेलं माप मागे धरून थांबला. एक, दोन, तीन पळं. मग माप तिरकं झालं. हात परत आला तेव्हा माप रिकामं होतं.

पुढे बसलेल्या नवीनच्या चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती. तो हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

मागच्या फरशीवर एक दाणा नव्हता.

त्यानं ते अकरा वेळा पाहिलं. कॅमेरा बिघडला असेल. आपल्याला झटके येत असतील, डॉक्टरला दाखवू. पण फरशी? फरशीला झटके येत नाहीत. एक मात्र त्यानं पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. माप तिरकं व्हायच्या आधी एक क्षण त्याचं मनगट किंचित खाली जात होतं. समोरच्याचा हात पोचत नसला की आपण माप जसं जरा खाली करतो, तसं.

५

तो त्याच दिवशी मोटरसायकल काढून निघाला. चौक गावावरून, लोधिवली मागे टाकून, हमरस्ता सोडून डोंगराच्या कडेनं. नाती जोडायला नव्हे. चुकून आपल्या घरी आलेली वस्तू परत देऊन यावी, तसा निघाला होता. मी तुमचा नाही, एवढं सांगायचं आणि फिरायचं.

खालची वाडी म्हणजे आता प्लॉटच्या पाट्या आणि मध्ये उरलेली बारा-पंधरा घरं. शेवटचं घर मापाऱ्याचं. एकच लांब खोली. आत शिरल्यावर डोळे सरावले आणि त्याला भिंत दिसली. जमिनीपासून हातभर उंचीवर तिच्यावर काळे, तुकतुकीत डाग होते. वर्षानुवर्षं पाठी टेकून टेकून पडलेले. ओळीनं सहा. सहाव्याच्या शेजारी तेवढीच जागा कोरी, सारवलेली.

पहिल्या डागापाशी एक म्हातारी बसली होती. पंच्याहत्तरीची तरी असेल.

"आलास?" ती म्हणाली. "बस. भिंतीला टेक. टेकलास का?"

नवीनचे गुडघे आपोआप वाकले. तो कोऱ्या जागेला टेकला.

"हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोन सांगंल? मीच सांगितलं तुझ्या त्या आयला, सुंदराबायला. एकडाव आली व्हती हितं, इचारायला, 'पोर मोजताना भलतंच बोलतो.' मी म्हनलं, पाठ उघडी ठेवू नगं."

"मी तुमचा कोण?"

"भाऊ." अंबाबाई बोटांवर मोजायला लागली. करंगळीपाशी येऊन थांबली. ती आत वळलेली होती. "लाभ मी. मंग दोन, तीन, चार, पाच, सहा. समदे गेले, मी ऱ्हायले. मंग तू."

"माझं इथलं नाव काय होतं?"

"नाव नव्हतं घातलं. सातवं माप त्याचं, तसं सातवं पोरबी त्याचं. ज्याला ठेवायचा, त्याला कशाला नाव?"

नवीननं नजर वळवली. पलीकडच्या टोकाला खळ्याकडे उघडणारं दार होतं. त्याच्या उंबऱ्यापाशी एक पाट, बसणाऱ्याची पाठ दाराकडे होईल असा मांडलेला. झिजून मधे खोलगट झालेला.

"बा तिथं बसून मोजायचा," अंबाबाई म्हणाली. "तू सव्वा वर्साचा झालास तवा बानं तुला ठेवायला काढला. आयनं रातोरात नाय, भर दिसा, मालोजीशेठच्या भाताच्या गाडीत पोत्यांच्या बेचक्यात घातला. त्यानं इचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. कर्जतला जाऊन पोती उतरवली तर तू निजलेला."

"मग?"

"मंग काय, मोजनी तुटली. दर साली मी मोजते. ठेव आली की माप मागं धरते नि सांगते, येनार हाय. कर्जतला हाय. मोटा झालाय. लगीन झालंय. आयकून घेतं ते. माप मातुर घेत नाय. भरलेलंच परत येतं."

"कोण घेत नाही?"

"मला काय ठाव?" ती दात नसलेल्या तोंडानं हसली. "मी कदी वळून बघितलं नाय. तू बघितलंस?"

"मी मालोजीशेठचा मुलगा आहे," नवीन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच उसना वाटला.

"आस की. त्यानं वाढवला, त्याचा आसच. पन ठेव कुनाची, ते वाढवल्यानं बदलत नाय." तिनं हात पुढे केला. "ह्या हातात आता माप ऱ्हात नाय. यंदाचं खळं आठ दिसांनी. तू नाय बसलास, तर ते दुसरा हात हुडकंल. अशी करंगळी आनखी कुनाची हाय? मुलंबाळं किती तुला?"

"नाहीत," नवीन म्हणाला.

अंबाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्याजवळच्या पाटाकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कोणासाठी माफी मागावी तशी, म्हणाली, "खोटं मोजू नगं रं."

६

घरी येऊन नवीननं गादी कोपऱ्यात ढकलली. पायली कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. सगळी विक्री इलेक्ट्रॉनिक काट्यावर. येसाजी खूश.

"आता कसं! बाय असत्या तर पेढे वाटले असते."

सात दिवस काही घडलं नाही. कुठून आवाज नाही, काही कमी नाही. आणि घर पुन्हा होतं तसं झालं. नवीन भिंतीला टेकून जेवायचा, आणि समोरच्या रिकाम्या खोलीकडे पाहताना त्याच्या मनात यायचं, पन्नास वर्षं कोणी आपली वाट पाहिली आहे. बायको आठ वर्षांपूर्वी गेली, आई वैशाखात गेली. दोघींनी थांबायचं म्हटलं असतं तरी थांबता आलं नाही. आणि तिकडे कोणीतरी थांबलंय. हा विचार तो झटकायचा. घासाबरोबर पुन्हा यायचा.

आठव्या दिवशी रविवार होता. सकाळी ऋतिकाचा फोन आला.

"पप्पा, आज ऑफिसातली दहा जणं जेवायला येतायत. तांदूळ किती घालू? थांबा हं, फोन ओट्यावर ठेवते, मोजते." कपाचा डब्यात घासल्याचा आवाज. "लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, ठेव..."

लहानपणी गिरणीत ऐकलं असेल, नवीननं स्वतःला समजावलं. शंभरदा ऐकलं असेल. पण तिच्या 'ठेव'नंतर फोनमधून आवाज आला. सूं करून, शेवटी दबका.

"ऋतू, तुझ्या पाठीमागे काय आहे?"

"गॅलरी. दार उघडं आहे. का हो? अय्या, पप्पा, आत्ता भरलेला कप रिकामाच आहे! सांडला म्हणावा तर खाली पण काही नाही."

"भिंतीला टेक," नवीन म्हणाला. हा आवाज कोणाचा, ते त्याला लगेच कळलं. "ऋतू, आधी भिंतीला टेक. टेकलीस का?"

"टेकले. आजीसारखं काय बोलताय? रडताय का तुम्ही?"

त्यानं कपाट उघडलं, पायली पिशवीत घातली आणि निघाला.

खळ्यावर रास लागली होती. उन्हं कलली होती, वाडीतली माणसं राशीच्या पुढे ओळीनं बसली होती. सगळ्यांच्या नजरा आपापल्या पायांकडे. अंबाबाईनं पाट आणून खळ्याच्या मधोमध ठेवला. 

नवीन पाटावर बसला. मागे मोकळं शेत, त्यामागे डोंगर. पाठीवर कोवळं ऊन होतं. त्यानं पायली राशीत घालायच्या आधी, कोणाकडेही न बघता, मोठ्यानं सांगितलं.

"मला एक मुलगी आहे. मी नाही म्हणालो होतो, ते खोटं. मुलगी एक, आणि ती ह्या मोजणीत नाही. मोजणीत मी आहे. मी सातवा."

मग मोजायला घेतलं. लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा.

"ठेव," तो म्हणाला, आणि हात मागे नेला. या वेळी हात आपण होऊन गेला नाही, त्यानं नेला. पाठीवरचं ऊन गेलं. भरलेल्या पायलीचं वजन किती असतं ते त्याच्या हाताला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. ते हळूहळू उतरत गेलं. कोणी घाईनं घेत नव्हतं. माप रिकामं झालं तरी हात सुटला नाही. त्याच्या वळलेल्या करंगळीत दुसरी एक करंगळी येऊन बसली. तशीच आत वळलेली.

हात लहान होता. सव्वा वर्षाच्या मुलाचा असतो, तेवढा.

पुढे बसलेल्यांपैकी एकानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. नवीननं वळून पाहिलं नाही.

"आठ," तो म्हणाला.

आता गिरणी येसाजी बघतो. नवीनशेठ खालच्या वाडीतच असतो. ऋतिका दर रविवारी जाते, सहाव्या डागाला टेकून बसते, वडिलांशी गप्पा मारते. शेजारची सातवी जागा अजून कोरीच आहे. नवीनशेठ भिंतीला टेकत नाही. अंबाबाईची चूल वेगळी; त्याच्या चुलीवर संध्याकाळी दोन वाट्या भात शिजतो आणि सकाळी कावळ्यांना काही उरत नाही. एकदा तिनं विचारलं, "पप्पा, एकटं वाटत नाही?" तो म्हणाला, "नाही गं. आता नाही." आणि ती घाबरली, कारण तो खरं सांगत होता.

तर मंडळी, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं. आज जेवायला बसाल तेव्हा घरातली माणसं एकदा मोजा. सावकाश मोजा, पाठीमागची धरून. आणि कोणी विचारलं, किती, तर जितकी आहेत तितकीच सांगा. मायेपोटीसुद्धा एक कमी सांगू नका. हिशेब चोख ठेवा.